एम्युलेटर तुला नवीन असेल तर आधी एवढंच कर

एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. सुरुवात प्लेस्टेशन २ पासून नको करूस, बरेच जण तिथेच अडकतात आणि सोडून देतात. आधी सुपर निन्टेन्डो घे, १९९० चं मशीन आहे, त्याचा एम्युलेटर स्नेस९एक्स जुन्या लॅपटॉपवरही मस्त पळतो. मग प्लेस्टेशन १ साठी डकस्टेशन, त्याला बायोस फाइल (कन्सोल सुरू करणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर) लागते, ती नसली की गेम सुरूच होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसत्या सेव्ह स्टेटवर (एम्युलेटरने कुठल्याही क्षणी जशीच्या तशी साठवलेली गेमची स्थिती) विसंबू नकोस, एम्युलेटर अपडेट केला की जुनं स्टेट कधीकधी उघडतच नाही, माझा अर्ध्याहून जास्त खेळलेला गेम असाच गेला, फार वाईट वाटलं होतं. गेममधलं सेव्हही करत जा.

चित्र ताणू नको, जुन्या टीव्हीसारखं ४:३ प्रमाण ठेव. शेडर-बिडर (चित्राचं रूप बदलणारे इफेक्ट) नंतर बघू. आणि कंट्रोलर जोडच, खेळायची खरी मजा त्यातच आहे!