कॅम्पिंग ट्रेलरवर सांडपाण्याचा होज कुठे ठेवावा?

चेसिसखाली १६० मिमीचा पीव्हीसी एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठीचा) पाइप आडवा क्लॅम्प करा आणि होज त्यातच ठेवा. बडोद्यात प्लंबिंगच्या मोठ्या दुकानात हा पाइप मिळतो. ११० मिमीचा घेऊ नका: होज ३ इंची असला तरी टोकाच्या कपलिंगचे (जोडणीच्या तुकड्याचे) कान बाहेर येतात आणि नेमके तिथेच अडकतात. ट्रेलरच्या फिटिंगचंच काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो. एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्याला फिरकीचं झाकण बसवा आणि खालच्या बाजूने भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात आत ओल साठून वास धरतो. होज धुऊन, निथळूनच आत सरकवा. पिण्याच्या पाण्याचा पाइप मात्र इथे कधीच नको! ट्रेलर जमिनीपासून फार उंच नसेल, तर हाच पाइप मागच्या बंपरवर लावा.