राजवाड्याची पाटी आणि लोडातली सरकी

तुम्ही विचारलंय की 'राजघराण्याचे पुरवठादार' अशी पाटी लावणाऱ्यांचा माल खरंच चांगला असतो का, आणि ही पाटी देतं कोण.

दुसरं आधी उरकतो. ब्रिटनमध्ये याचा रीतसर परवाना असतो. किमान 5 वर्षं माल पुरवलेला लागतो, मग ठरावीक मुदतीने फेरतपासणी. परवाना कंपनीतल्या एका माणसाच्या नावाने निघतो, म्हणजे जबाबदार कोण ते ठरलेलं. कॅडबरीकडे राणी व्हिक्टोरियापासून मान होता, तोही 2024 मध्ये गेला. आपल्याकडे 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि राजेपणाची मान्यताच रद्द झाली. देणार कोण?

आता बडोद्याचं ऐका. माझे आजोबा गादीवाले. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या काळात खानगीच्या, म्हणजे राजवाड्याच्या घरखात्याच्या, फरासखान्याला (बैठकीचं सामान सांभाळणारा विभाग) लोड-तक्के भरून द्यायचे. त्यांची वही माझ्याकडे आहे. एका पानावर 'लोड 12, पैकी 1 परत'. का परत? तिथला कारकून प्रत्येक लोड तराजूत घालायचा आणि मनात येईल त्याची शिवण उसवून कोपरापर्यंत हात घालायचा. त्या दिवशी हाताला सरकी लागली. आजोबांनी रात्रीत कापूस पुन्हा पिंजला, लोड भरला, सकाळी डोक्यावरून नेऊन दिला. बिल मात्र दिवाळी उलटून गेल्यावर. म्हणजे माल चांगला असायचा तो त्या कारकुनाच्या धाकाने, राजवाड्याचा यात काही संबंध नाही.

पुढे दुकान चुलतभावाकडे गेलं. त्याने सोनेरी अक्षरांत 'गायकवाड सरकारचे पुरवठादार' लिहून घेतलं. आत सगळा फोम, तोही बाहेरून तयार आणलेला. मी म्हटलं, अरे, 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आजोबाही गेले, आता कोण कुणाला पुरवतंय? तर म्हणे, गिऱ्हाईक खूश आहे, तुझ्या का पोटात दुखतं? श्राद्धाच्या पंगतीत म्हणाला हे. मी भरल्या पानावरून उठलो.

तेव्हा पाटी वाचू नका. दुकानदाराला म्हणा, एक शिवण उसवून दाखव. का-कू करायला लागला, तर सरळ पुढच्या दुकानात जा. जुनं काम नेकीने करणारी घरंही आहेत म्हणा, पण ती पाटीवर फारसा खर्च करत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर भावाचा फोम वाईट नाही. आईच्या पाठीला तोच मानवला. पाटी तेवढी त्याने उतरवावी.