‘मानवी आणि लोकांचे हक्क’ ही द्विरुक्ती नव्हे

टांझानियातील आरुशा येथील न्यायालयाचे पूर्ण नाव ‘मानवी आणि लोकांच्या हक्कांचे आफ्रिकी न्यायालय’ असे आहे, हे वाचून एका वाचकाने विचारले आहे की, मानव म्हणजे लोकच, मग ही द्विरुक्ती कशासाठी, आणि मराठीत नुसते ‘आफ्रिकी मानवाधिकार न्यायालय’ म्हटले तर काय बिघडते? बरेच बिघडते. बातम्या लिहिणारे नेमका दुसरा शब्द छाटतात आणि त्याबरोबर आफ्रिकेच्या व्यवस्थेचे वेगळेपणही छाटले जाते. हे न्यायालय ज्या सनदेवर उभे आहे त्या, १९८१ साली नैरोबीत संमत झालेल्या आणि १९८६ पासून अंमलात आलेल्या मानवी आणि लोकांच्या हक्कांच्या आफ्रिकी सनदेत व्यक्तीच्या हक्कांनंतर कलम १९ ते २४ मध्ये लोकसमूहांचे हक्क स्वतंत्रपणे सांगितले आहेत. समानता, स्वयंनिर्णय, नैसर्गिक संपत्तीवरील अधिकार, विकास, शांतता आणि पर्यावरण हे ते हक्क होत. युरोपच्या १९५० च्या मानवाधिकार करारात असा विभागच नाही.

‘मानव’ या शब्दावर थांबण्याचे कारण नाही. मनूचा तो मानव, एवढे पुरे. सभासंमेलनांत ‘मनन करतो तो मानव’ असे जे ऐकवतात, त्यांनी ‘निरुक्त’ हा वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा यास्कांचा प्राचीन ग्रंथ उघडून पाहावा. तेथे ‘मनुष्य’ शब्दाला विचारपूर्वक कर्म करणारा असा अर्थ लावणाऱ्या यास्कांनी मनूचे अपत्य हाही पर्याय शेजारीच नोंदवला आहे. याच न्यायालयाच्या स्वाहिली नावात माणसाला ‘बिनादामू’ म्हणतात आणि तो शब्द अरबीतील ‘आदमचा पुत्र’ या अर्थाच्या पदावरून आलेला आहे. संस्कृताने माणसाला मनूच्या घरी दिले आणि स्वाहिलीने आदमच्या. हक्काला तेथे ‘हाकी’ म्हणतात, म्हणजे तो आपल्याप्रमाणेच अरबीतून आलेला हक्क आहे. ‘लोक’ या अर्थी त्या नावात ‘वातू’ आहे, आणि ‘बांटू’ या भाषाकुलनामातील मूळ तेच.

खरा आनंद मात्र आपल्या ‘लोक’ शब्दात आहे. ‘लोक्’ म्हणजे पाहणे, जे दिसते तो लोक, ही व्युत्पत्ती कोशकार पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेत आले आहेत. ऋग्वेदातील ‘उरु लोक’ म्हणजे ऐसपैस मोकळी जागा, हा प्रयोग पाहिल्यावर ती मला अपुरी वाटते. लॅटिनमधील ‘लूकुस’ म्हणजे राई आणि लिथुआनियनमधील ‘लाउकास’ म्हणजे शेत हे या शब्दाचे भाऊबंद मानले जातात. झाडी विरळ होऊन उजेड जेथे पडतो ती जागा, असा मूळ अर्थ त्यांतून दिसतो. दिसण्याचा संबंध उजेडामुळे आहे, असे फार तर म्हणता येईल. इहलोक, परलोक, नागलोक या शब्दांत जागेचा अर्थ अजून शाबूत आहे. तेथे राहणारे ते लोक, हा अर्थ मागाहून आला. म्हणून भूमीशी बांधलेल्या समूहासाठी मराठीत याहून नेमका शब्द मला दिसत नाही. ‘जन’ सुचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, ‘जन’ शब्दाचे नाते जन्माशी आहे, जागेशी नाही.

ही माझी हौस आहे, असे कोणी म्हणेल. पण लोक म्हणजे कोण, हा प्रश्न आरुशाच्या न्यायाधीशांनाही सोडवावा लागला. सनदेने या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही. केनियातील माऊ जंगलात शिकार आणि मध गोळा करणे यांवर जगत आलेल्या ओगिएक समाजाला २००९ साली सरकारने जंगल सोडण्याची नोटीस दिली, आणि सनदेच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या, गांबियातील बांजुल येथील आफ्रिकी आयोगाने ते प्रकरण न्यायालयात नेले. (आयोग बांजुलला आणि न्यायालय आरुशाला, हा भेद तरी पाळावा.) देशातील एखादा छोटा समाज ‘लोक’ ठरतो काय, यावर २६ मे २०१७ च्या निकालात न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. अट एवढीच की, त्या समाजाने राज्याच्या संमतीवाचून त्याच्या सार्वभौमत्वाला आणि प्रादेशिक एकात्मतेला आव्हान देऊ नये. तत्पूर्वी केनियातीलच बोगोरिया सरोवराकाठच्या एन्डोरोइस समाजाच्या प्रकरणात आयोगानेही लोकसमूहाचा विकासाचा हक्क भंगल्याचा निर्णय दिला होता.

तेव्हा मराठीत ‘मानवी आणि लोकसमूहांच्या हक्कांचे आफ्रिकी न्यायालय’ असे पूर्ण लिहावे. ‘लोक’ शब्दाचे अनेकवचन वेगळे दिसत नाही, म्हणून ‘समूह’ जोडण्याची तडजोड मी करतो. मथळ्यात जागा नसेल तर ‘आरुशाचे न्यायालय’ म्हणावे, पण ‘लोक’ गाळून उरलेले नाव पूर्ण म्हणून छापू नये. ओगिएकांच्या प्रकरणात २०२२ साली भरपाईचा आदेश देताना न्यायालयाने जमिनीची मालकी एकेका माणसाच्या नावे नव्हे, तर समाजाच्या सामूहिक नावावर करण्यास सांगितले. ‘मानवाधिकार’ एवढेच वाचणाऱ्याला तो आदेश कोणत्या हक्काखाली बसतो, हे कळणार नाही.