कासवासाठी उन्हाळ्यातलं तण थंडीकरिता साठवता येतं का?

तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, तुमचं हर्मन जातीचं कासव उन्हाळाभर बागेतलं डँडेलियन आणि प्लँटेन (केळं नव्हे, आपल्या इसबगोलाच्या कुळातलं तण) आवडीने खातं, पण नोव्हेंबरनंतर ते मिळेनासं होतं. मग हे तण वाळवून किंवा फ्रीझरमध्ये ठेवून थंडीत देता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. येतं, आणि जरूर करा. मीही यॉर्कशरमध्ये हर्मनच पाळते आणि दर उन्हाळ्यात त्याच्यासाठी वाळवण घालते. माझं मत विचाराल तर वाळवा, गोठवू नका.

आधी एक ठरवा. तुमचं कासव थंडीत जागं राहणार आहे का? हर्मन मूळचं दक्षिण युरोपातलं, स्पेनपासून बाल्कनपर्यंतचं, आणि तिथे ते थंडीत जमिनीत शिरून झोपतं. निरोगी कासवाला इथेही साधारण ५ अंश सेल्सियसला झोपवतात, बरेच जण तर त्यासाठी वेगळा फ्रिजच ठेवतात. झोपण्याआधी काही आठवडे त्याचं खाणं बंद करावं लागतं, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटात राहिलेलं अन्न सडतं. म्हणजे झोपलेल्या कासवाला डिसेंबरात एक पानही लागत नाही. साठवण लागते ती आजारी किंवा वजन कमी असल्यामुळे जागं ठेवलेल्या कासवाला, आणि झोपेतून उठलेल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा बागेत फारसं काही उगवलेलं नसतं. सुल्काटा, लेपर्ड ही आफ्रिकी कासवं तर अशी झोपतच नाहीत, त्यांना बारा महिने चारा हवा.

तणासाठी एवढा आटापिटा का? डँडेलियनच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६६ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. कवच आणि हाडं नीट वाढायला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम असं भरपूर जास्त लागतं. दुकानातल्या लेट्यूसमध्ये बहुतेक पाणीच, चोथा कमी. वाळवल्यावर खनिजं आणि चोथा टिकतात, क जीवनसत्त्व बरंचसं जातं, आणि कडक उन्हात वाळवलं तर पानांतलं कॅरोटीनही घटतं. आपल्याकडे हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून वर्षभर भाजीला ठेवतात, तसंच हे काम आहे. फक्त पाला सावलीत वाळवायचा.

पानं दव सुकल्यावर, कोरड्या दिवशी तोडा. मे-जूनमधली फुलायच्या आधीची पानं सगळ्यांत चांगली, सप्टेंबरात पुन्हा एक बहर येतो. डँडेलियन आणि प्लँटेनबरोबर सो-थिसल, मॅलो, थोडं क्लोव्हर, ब्रँबलची आणि गुलाबाची पानं, तुतीची पानं, सगळं घ्या. नेटलसुद्धा चालतं, वाळल्यावर त्याची आग जाते. तोडताना मात्र हातमोजे हवेत. धुवून पाणी पूर्ण निथळू द्या, जाड देठ वेगळे काढा. डिहायड्रेटर (मंद गरम हवेवर अन्न वाळवायचं यंत्र) असेल तर ३५ ते ४० अंशांवर ठेवा. पानाच्या जाडीप्रमाणे तीन-चार तासांपासून रात्रभर लागतं. नसेल तर जाळीच्या टांगत्या ट्रेमध्ये पातळ थर पसरा. जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एअरिंगचं, म्हणजे कपडे उबेत सुकवायचं, कपाट असतं, ती जागा उत्तम. पान मुठीत चुरडल्यावर कुरकुरीत मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे. मग काचेच्या बरणीत भरा, पण पहिला आठवडा रोज हलवून बघा. आत वाफ धरली तर सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवा. बुरशीचा वास आलेली बरणी संपूर्ण फेका, वरचं काढून खालचं देऊ नका. एक किलो ताज्या डँडेलियनमध्ये साधारण ८५ टक्के पाणी असतं, त्यामुळे हाती दीडशे ग्रॅमच्या आसपासच येतं. म्हणून एकाच रविवारी सगळं करू पाहू नका, उन्हाळाभर थोडं थोडं साठवा.

डँडेलियनची फुलं हवेवर हळूहळू वाळवली तर वाळता वाळताच त्यांची म्हातारी होते आणि घरभर बिया उडतात. त्यांना डिहायड्रेटरमध्येच लवकर वाळवा, नाहीतर नुसत्या पाकळ्या उपटून घ्या.

फ्रीझरमध्ये पानांतल्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर लगदा होतो. कासवाला चावायला मिळत नाही, जागाही फार जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जे शंभर टक्के ओळखता येत नाही ते तोडू नका. रॅगवर्ट या पिवळ्या फुलांच्या तणाचं विष वाळवल्यावर जात नाही, यकृताचं नुकसान करतं. उभं रॅगवर्ट कडू लागतं म्हणून घोडे ते सहसा टाळतात, पण चाऱ्यात वाळलं की कडूपणा कमी होतो आणि ते खाल्लं जातं. कासवाच्या ताटातही हेच होऊ शकतं. फॉक्सग्लोव्हचं पहिल्या वर्षाचं पान कॉम्फ्रीसारखं दिसतं, आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. बटरकप, डॅफोडिल, यूचं झाड, हेमलॉक यांनाही हात लावू नका. शंका आली तर झाड फुलेपर्यंत थांबा, फूल पाहून ओळख पटते. रस्त्याकडेचं, कुत्री फिरवण्याच्या वाटेवरचं आणि कौन्सिलने तणनाशक मारलेलं काहीही नको. इंग्लंडमध्ये रानटी झाडाची पानं-फुलं विकण्यासाठी नव्हे, तर घरापुरती तोडली तर १९६८ च्या चोरीच्या कायद्याने ती चोरी ठरत नाही. पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पानंच खुडा.

देताना वाळलेलं पान कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि एंडाइव्ह, चिकोरी, लॅम्ब्ज लेट्यूस अशा ताज्या पाल्यात कालवा. नुसतं वाळलेलं कधीच नको, पाणी कमी पडून बद्धकोष्ठ होतो. जागं असलेल्या कासवाला रोज कोमट पाण्यात बसवा, दिव्याखाली ३० ते ३५ अंशांची जागा आणि यूव्हीबीचा (अतिनील किरणांचा) दिवा हवाच, त्याशिवाय कितीही चांगलं खाणं पचत नाही, कॅल्शियमही अंगी लागत नाही. सुरुवातीला कासव तोंड फिरवेल. पहिले दिवस चिमूटभर चुरा ओल्या पाल्यावर चोळून द्या, मग हळूहळू वाढवत न्या. कासवाला नव्या वासाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून हे सप्टेंबरातच सुरू करा, डिसेंबरात नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडचं तारांकित कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, विकत घेणंही. कुणाकडे दिसलं किंवा वाटेत सापडलं तर त्याला चारा शोधत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.