पहिल्याच दिवशी विचारू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत समुपदेशक म्हणून रुजू होतेयस हे वाचून आनंद झाला, थोडी धास्तीही वाटली. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून जास्त माणसं म्यानमारमधून जीव मुठीत धरून तिकडे आली. त्यांच्यासमोर बसलीस की 'काय काय सोसलंत, सांगा' असं विचारायचा मोह होईल. माझ्या पहिल्या छावणीत मला झाला. एक आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत तासभर बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. शेजारीण म्हणाली, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा. ते मला अजून सलतं. कुणी आपणहून बोललं तर हातातलं काम टाकून ऐक, पण उकरून काढू नकोस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात साधारण पाचांतल्या एकाला मानसिक आजार असतो. त्याला वेळ न दवडता डॉक्टरकडे ने. बाकीच्यांची झोप बरेचदा आजच्या काळज्यांनी उडालेली असते. हातात कागद नाहीत, कामाला बंदी, तरणा मुलगा दिवसभर नुसता बसून, आणि घरी परत कधी जाणार ते कुणीच सांगत नाही.

आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे आठव. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून हद्दपार केलेली, उपासमारीत आपली माणसं गमावलेली. वळिवड्यात त्यांच्या भाषेतल्या शाळा भरत, चर्चमध्ये प्रार्थना होई, नाटकं बसत, मुलं स्काउटला जात. मला वाटतं, त्यांना यानेच सावरलं. सकाळी उठून जायला ठिकाण होतं, आणि दिवस कसा घालवायचा यात त्यांचा स्वतःचा शब्द होता.

तुझ्याकडे तेवढं देण्याची सत्ता नसेल. पण शिवणवर्गाची वेळ तरी बायकांनाच ठरवू दे. गेलेल्यांसाठी दुआ मागायला निवांत जागा आहे का बघ. दुभाषी त्यांच्यातलीच घे. 'डिप्रेशन' म्हणू नकोस. त्या 'अशांती' म्हणतात, तोच शब्द धर.

पोहोचलीस की लिही. तुला स्वतःला झोप लागतेय का, तेही.

तुझ्या,
बाई