डिझेल इंजिन ऑइल खातंय? हेड उतरवण्याआधी हे तपासा

प्रश्न: माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या टर्बो डिझेल गाडीचं रनिंग 2 लाख 40 हजार किलोमीटर झालं आहे. हजार किलोमीटरला दीड लिटर ऑइल घालावं लागतं. खाली थेंबही पडत नाही. चढावर निळसर धूर येतो. मेकॅनिक म्हणतो, रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. त्याआधी काय बघू?

उत्तर: पिस्टनच्या रिंगा गेल्या असतीलही, पण निळ्या धुरावरून फक्त ऑइल जळतंय एवढंच कळतं, ते कुठून येतंय हे नाही.

सुरुवात ब्रीदरपासून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीपासून, करा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. झाकण थरथरलं तर चालतं. उडून पडलं आणि भकाभका वाफ आली, तर क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या खालच्या कप्प्यात) प्रेशर साठतंय. तरी लगेच रिंगांवर जाऊ नका. ब्रीदरची नळी तुंबली असली तरी हेच दिसतं. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप इंजिन ऑइलवर चालणारा असेल, तर तो ओढलेली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. व्हॅक्यूमच्या पाइपला चीर असेल तर तिथूनही प्रेशर वाढतं.

मग टर्बोपासून इंटरकुलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा होज काढा. आत तेलकट थर असणं नेहमीचं, डबकं साचलेलं असेल तर नाही. इंजिन थंड असताना टर्बोचं चाक बोटाने हलवा: बाजूला किंचित हललं तर ठीक, पण पुढे-मागे सरकल्याचं बोटाला जाणवता कामा नये आणि पाती घरावर घासता कामा नयेत. टर्बोचा ऑइल रिटर्न पाइपही काढून बघा. तो कार्बनने अरुंद झाला असेल किंवा क्रँककेसमध्ये प्रेशर असेल, तर ऑइल खाली उतरत नाही, सीलमधून हवेच्या बाजूला ढकललं जातं. असा पाइप तसाच ठेवून बसवलेला नवा टर्बोही ऑइल टाकतो, आणि दोष टर्बोवर येतो.

इंटरकुलरमध्ये साचलेलं ऑइल काढल्याशिवाय गाडी चालवू नका. ते ओढलं गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर धावत सुटतं, किल्ली बंद करूनही थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा.

व्हॉल्व्ह सीलचा (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबराचा) संशय बहुतेक जण आधी घेतात. पण जुन्या डिझेलला सहसा थ्रॉटल (आत येणारी हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे पेट्रोल इंजिनासारखी जोराची ओढ सीलवर येत नाही. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर आणि मिनिटभरात साफ, असं असेल तर सील बघा. तुमचा धूर चढावर येतो.

आता प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन (हवा दाबल्यावरचं प्रेशर) गेजने मोजा. सगळे हीटर प्लग काढा, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा. आकडे गाडीच्या मॅन्युअलशी ताडा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तिथे हवा भरून कान लावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून करायची चाचणी डिझेलमध्ये टाळा. वरची जागा इतकी थोडी असते, की ऑइल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि कंप्रेशन उत्तम आलं तरी ऑइल रिंग निर्दोष ठरत नाही. तिची भोकं कार्बनने बुजली की कंप्रेशन राहतं, ऑइल मात्र जातं.

खोलावंच लागलं, तर बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) वरची रिंग जिथपर्यंत वर जाते तिथे आडवा-उभा मोजून घ्या. झीज तिथेच जास्त असते. गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर त्या बसत नाहीत. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून (बोअर दगडाने घासून) तिरप्या रेघा पाडा, मग साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने धुवा. पांढरं फडकं पुसल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे. नुसत्या डिझेलने धुतलं तर होनिंगची पूड रेघांतच राहते आणि नव्या रिंगा खाते. मग बोअरला लगेच ऑइल लावा. तीन रिंगांचे गॅप 120 अंशांवर ठेवा. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवा. धूळ लागली तर बोअर का झिजला ते कळलं. पहिले 1000 किलोमीटर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, मध्यम लोड द्या. रिंगा दाबाखालीच बसतात.

प्रश्न: तोवर 20डब्ल्यू-50 घातलं तर?

उत्तर: थोडं कमी खाईल. पण थंड स्टार्टला टर्बोपर्यंत ऑइल उशिरा पोचतं, म्हणून आधी मॅन्युअलमध्ये ते ग्रेड चालतं का ते बघा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे मात्र भरू नका. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते ब्रीदरमधूनच जातं.