तांबड्या रश्शाचा शनिवार

प्रश्न: आम्ही श्टुटगार्टला असतो. नवरा कोल्हापूरचा, माझं माहेर पुण्याचं, शाकाहारी. मुलगी अकरा वर्षांची. शाळेच्या सहलीत एका गोठ्यावर वासरांना बाटलीनं दूध पाजून आली आणि तिनं मटण सोडलं. शनिवारी नवरा तुर्की दुकानातून मटण आणतो, तांबडा-पांढरा करण्यात दुपार घालवतो. ही दार लावून बसते. परवा त्याला 'खुनी' म्हणाली. माझी आई फोनवर म्हणाली, "शेवटी रक्त बोललंच!" नवरा दोन दिवस गप्प आहे.

उत्तर: मला मुलीपेक्षा तुमच्या आईचं बोलणं जास्त खटकलं. पोरीनं वासराचा विचार केला, आजींनी त्यात जात आणली. 'रक्त बोललं' म्हणताना तुमच्या सासरचं अख्खं घर खालचं ठरलं, आणि जावयाला ते बरोबर कळलंय. आईला फोन करा आणि हे बोलणं चालणार नाही म्हणून सांगा. तो शेजारी बसलेला असताना सांगा.

'खुनी'ही चालणार नाही. मटण नको म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, बापाला शिव्या द्यायचा नाही. पण बापानंही "आपल्यात खातात" एवढ्यावर सुटू नये. माझ्या आजोळी कोंबडा कापायचा असला की आजी आम्हा पोरांना आडावर पाठवायची. परत येईतो अंगण झाडलेलं, कुंपणाला चार पिसं अडकलेली. संध्याकाळी खुराडं लावताना ती कोंबड्या मोजायची आणि "एक कमी" असं मोठ्यानं म्हणायची. रश्शाला आम्हीच आधी बसलेले असायचो, पण काय खातोय हे ठाऊक असायचं. नवऱ्यानं तेवढं तरी कबूल करावं: हो, जीव जातो, मला माहीत आहे, आणि तरी मी खातो.

मग लेकीला एक विचारा. त्या वासरांना बाटली का लागते? दूधधंद्यात वासराला बहुधा जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत आईपासून वेगळं करतात, कारण दूध विकायचं असतं. म्हणजे आजींचं श्रीखंडही या हिशेबात आलंच. अस्सल पार्मेझान चीज तर वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, घालूनच लावतात. अंड्यांचा डबाही उघडा. अंड्यावरच्या शिक्क्यातला पहिला आकडा बघा: ० सेंद्रिय, १ बाहेर मोकळी फिरणारी कोंबडी, २ शेडमधली, ३ पिंजऱ्यातली. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं निरुपयोगी. जर्मनीत वर्षाला सुमारे साडेचार कोटी मारली जात. १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी आहे. हे तिला घाबरवायला किंवा गप्प करायला सांगू नका. कुठे थांबायचं ते तिचं तिला ठरवू दे, आणि पुढच्या वर्षी बदललं तर "बघ, आम्ही म्हणत होतो" नको.

तब्येतीचं थोडक्यात: दूध-अंडी चालू असतील तर बी-१२ ची फार चिंता नाही, तीही सोडली तर गोळी लागेलच, मुलांच्या डॉक्टरांना विचारून. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा.

आणि शनिवार मोडू नका. कोल्हापूरकडच्या माणसाला अख्खा मसूर शिकवावा लागत नाही. तोच कांदा-लसूण मसाला, शेजारी दुसरं पातेलं, आणि मसूर निवडायला तिला हाताशी घ्यायला सांगा. पळ्या मात्र दोन ठेवा. कुठली पळी कुठे बुडते, यावर तिचं बारीक लक्ष असणार आहे.